नेव्हरसिंकच्या काठचा एकांडा : थिओडोर गॉर्डन

अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून दे, असे मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा मी थिओडोर गॉर्डनचे नाव घेतले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हा कोण म्हणून विचारले. मासे पकडणारा एक अमेरिकन, असे मी म्हणताच वर्गात हशा पिकला. फुले, शाहू, कर्मवीर अशी माणसे आपल्याकडे असताना मासे धरणारा कशाला, असा सर्वांचा सवाल. सवाल रास्त होता. गॉर्डनने कोणती चळवळ उभारली नाही, शाळा काढली नाही, हयातीत एक पुस्तकदेखील छापले नाही. साठ वर्षे जगला, त्यातली शेवटची दहाबारा वर्षे बहुतेक एका नदीच्या काठी एकट्याने काढली, आणि गेला. तरीही सरांनी लिही म्हटले, त्याबद्दल त्यांचे आभार. मी त्याच्यावर का लिहितो आहे ते पुढे येईलच.

आधी मासे धरण्याची ही तऱ्हा समजून घ्यावी लागेल. आमचे आबा गळाने मासे धरतात. वेळूची काठी, तंगूस, गळाला गांडूळ, आणि मग तासन् तास बसून राहायचे. विलायतेतल्या आणि अमेरिकेतल्या डोंगरी नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. (आपल्या देशात तो काश्मीरच्या नद्यांत आणि निलगिरीच्या ओढ्यांत आहे. तोही इंग्रजांनी बाहेरून आणून सोडलेला.) हा मासा पाण्यावर पडणारे चिलटासारखे किडे टिपून खातो. तेव्हा गळाभोवती पिसे आणि रेशीम गुंडाळून हुबेहूब तसा किडा तयार करायचा आणि तो पाण्यावर टाकायचा. या खोट्या किड्याला तिकडे माशीच म्हणतात. मासा आणि माशी हा आपल्या भाषेतला योगायोग मला फार आवडला.

आता गंमत अशी, की पिसांच्या माशीला वजन नसते. ती लांब फेकणार कशी? म्हणून वजन दोरीला देतात. त्या काळी मेण किंवा तेल पाजलेली रेशमी दोरी असे, आणि काठी बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या एकत्र चिकटवून केलेली. काठी मागेपुढे हलवून दोरी हवेत उलगडत न्यायची आणि शेवटी ती माशी पाण्यावर अशी उतरवायची की खरा किडाच येऊन बसला असे माशाला वाटावे. जुनी पद्धत माशी पाण्याखाली बुडवून ओढण्याची. माशी कोरडी ठेवून पृष्ठभागावर तरंगत सोडायची, ही नवी पद्धत. ती इंग्लंडच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या प्रदेशातल्या संथ, काचेसारख्या नद्यांवर एकोणिसाव्या शतकात वाढली. फ्रेडरिक हॅलफर्ड हा तिचा मोठा आचार्य. त्याचे तरंगत्या माश्यांवरचे पुस्तक १८८६ साली आले आणि दुसरे १८८९ साली.

थिओडोर गॉर्डनचा जन्म १८५४ साली पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्ग शहरी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मुलगा अंगाने किडकिडीत आणि प्रकृतीने नाजूक. त्याच राज्यातल्या कंबरलँड खोऱ्यातल्या झऱ्यांवर तो पोरवयातच मासे धरायला शिकला. शिकवणारे होते एक पुस्तक. थॅडियस नॉरिस या अमेरिकन लेखकाचा मासेमारीवरचा ग्रंथ १८६४ साली निघाला होता. तो गॉर्डनच्या हाती पडला आणि मुलाने तो पोथीसारखा वाचला. पुढे काही काळ दक्षिणेकडील सव्हाना शहरात त्याने नोकरी केली. घरची सांपत्तिक स्थिती हळूहळू उतरत गेली, प्रकृती तर कधी चढलीच नाही. त्याला क्षयाची बाधा होती. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. डोंगरातली हवा हेच औषध. न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत, तेथे तो येऊ लागला आणि अखेर तेथलाच झाला.

या डोंगरांची तेव्हाची अवस्था सांगितली पाहिजे. तेथे हेमलॉक नावाच्या वृक्षांची घनदाट राने होती. त्याची साल कातडी कमावायला लागते. आपल्याकडे बाभळीची साल वापरतात तशीच. एकोणिसाव्या शतकात तेथे कातडी कमावण्याचे कारखाने निघाले. लाखो झाडे नुसती सोलून टाकली गेली, आणि कारखान्यांचे पाणी ओढ्यांत आले. सावली गेल्यामुळे पाणी तापू लागले. तेथला मूळचा ब्रूक ट्राउट अतिशय थंड आणि निर्मळ पाण्याचा मासा, तो खालच्या भागातून नाहीसा होऊन वरच्या झऱ्यांत गेला. अशा वेळी १८८३ साली जर्मनीहून तपकिरी ट्राउटची अंडी अमेरिकेत आली. बर्फात ठेवून, बोटीने, अंडी! तो मासा थोडे कोमट पाणी सोसतो. शिवाय तो भारी संशयी. जुन्या भडक रंगांच्या बुडत्या माश्यांना तो भुलेना. पुष्कळ लोकांनी त्याला नावे ठेवली. परका मासा म्हणून त्याचा रागही केला.

गॉर्डनने राग केला नाही. त्याने मासा काय खातो ते पाहायला सुरुवात केली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट हीच. सगळे मासे किती सापडले ते मोजत होते, आणि हा दगड उलटून खालचे किडे बघत बसला होता.

मग त्याने हॅलफर्डला पत्र लिहिले. हॅलफर्ड लंडनचा श्रीमंत गृहस्थ, पुस्तकांचा लेखक. हा अमेरिकेतला कोणी अनोळखी, आजारी माणूस. १८९० सालच्या फेब्रुवारीत हॅलफर्डचे उत्तर आले आणि त्यासोबत स्वतः वापरत असलेल्या कोरड्या माश्यांचा एक संचही आला. अमेरिकेच्या मासेमारीच्या इतिहासात या टपालाला फार मान आहे. मला मात्र हे वाचताना वेगळेच वाटले. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच. फॉर्म कसा भरायचा, विषय कोणते घ्यायचे, हे घरी विचारायला कोणी नव्हते. ज्याला जवळ विचारायला कोणी नाही, त्याने दूरच्या माणसाला विचारायचे धाडस करावे लागते. ते धाडस किती अवघड असते हे मला ठाऊक आहे. मी एका प्राध्यापकांच्या दाराबाहेर तीन दिवस नुसता उभा राहून परत आलो होतो.

माश्या आल्या खऱ्या, पण इंग्लंडच्या माश्या अमेरिकेत जशाच्या तशा चालणार नव्हत्या. त्या इंग्लंडच्या किड्यांच्या नकला होत्या. शिवाय तिकडची नदी संथ, तर इकडची दगडांवरून आपटत धावणारी. मऊ पिसांची माशी दोन हातांवर बुडून जायची. शिष्याने येथे गुरूचे आंधळे अनुकरण केले नाही. त्याने गळ्याची ताठ पिसे असलेल्या कोंबड्यांचा शोध सुरू केला. ताठ पिसाचे तंतू पाण्यावर काट्यांसारखे टेकतात आणि माशीला उचलून धरतात. रंगही त्याला नेमका हवा असे. पावसाळी ढगासारखा निळसर करडा. असा कोंबडा सहज मिळत नाही. त्याच्या लेखांत आणि पत्रांत कोंबड्यांच्या पिसांबद्दलच्या तक्रारी पुनःपुन्हा येतात. एखाद्या कवीने शब्दासाठी अडून राहावे तसा हा पिसासाठी अडून राही.

त्याची सर्वांत प्रसिद्ध माशी म्हणजे क्विल गॉर्डन. तिचे अंग मोरपिसाचे असते. मोराच्या पिसाऱ्यातला डोळ्याजवळचा एकच तंतू घ्यायचा, त्यावरची लव नखाने खरवडून काढायची आणि उरलेली बारीक काडी गळाच्या दांडीवर गुंडाळायची. त्या काडीची एक कड गडद आणि एक फिकी असल्यामुळे किड्याच्या पोटावर असतात तशी वळी दिसतात. पंख रानबदकाच्या कुशीच्या पिसांचे, आणि पुढे करड्या पिसांचे वेढे. बस्स, एवढेच. फार थोडे साहित्य, फार विरळ बांधणी. कॅट्सकिलच्या माश्यांची ही विरळ बांधणी पुढे एक शैलीच मानली गेली. आपला मोर तेथवर पोचलेला पाहून मला उगीचच अभिमान वाटला.

ज्या किड्याची ही नक्कल, तो वसंताच्या आरंभी, हवा अजून बोचरी असताना, एप्रिलच्या उत्तरार्धात पाण्याबाहेर येतो. त्याचे बहुतेक सगळे आयुष्य पाण्याखाली दगडाला चिकटून जाते. पंख फुटल्यावर त्याला जेमतेम एकदोन दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत तो काही खातसुद्धा नाही. जोडीदार शोधतो, मादी अंडी टाकते, संपले.

नेव्हरसिंक ही गॉर्डनची नदी. कॅट्सकिलमधील सर्वांत उंच स्लाइड पर्वताच्या अंगाने तिचे दोन फाटे उतरतात, क्लॅरीव्हिल येथे मिळतात, आणि पुढे ती डेलावेअर नदीला जाते. शेवटची वर्षे तो या नदीकाठच्या ब्रॅडली नावाच्या वस्तीत एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत होता. तेथला हिवाळा म्हणजे महिनोन् महिने बर्फ. शेगडीपाशी बसून तो माश्या बांधी, त्या विकून चार पैसे मिळवी, आणि लेख लिही. लंडनच्या ‘फिशिंग गॅझेट’ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ मध्ये त्याचे लेखन येत असे. इंग्लंडच्या जी. ई. एम. स्क्यूज या मातब्बर जाणकाराशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार होता. म्हणजे घर एका खेड्यात, आणि गप्पा चाललेल्या समुद्रापलीकडे! लग्न त्याने केले नाही. नदीत उभ्या असलेल्या गॉर्डनचे एक जुने छायाचित्र आहे, त्यात त्याच्यासोबत लांब घागऱ्यातली एक तरुणी आहे. मासेमारीतला आपला सर्वांत चांगला सोबती एक मुलगी होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. ती हीच असावी असे लोक मानतात. तिचे नाव कोणालाही कळलेले नाही. आमच्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, की मग तिचेच चरित्र का लिहीत नाहीस. उत्तर मला सुचले नाही.

त्याचा एक दोष सांगितला पाहिजे. माश्या बांधण्याची विद्या तो सहसा कोणाला शिकवत नसे. अपवाद रॉय स्टीनरॉड याचा. तो जवळच्या लिबर्टी गावच्या टपाल कचेरीत कामाला होता. टपालावर जगणाऱ्या माणसाला शिष्यही टपालातच भेटावा! स्टीनरॉडने पुढे १९१६ च्या सुमारास हेंड्रिक्सन नावाची माशी बांधली, ती आजही वापरात आहे, आणि त्याने ही कला गुरूपेक्षा सढळ हाताने अनेक मुलांना शिकवली. पुष्कळ ठिकाणी गॉर्डनला अमेरिकेतल्या कोरड्या माशीचा जनक म्हटलेले आढळते. ते मला थोडे जास्त वाटते. नॉरिसने आपल्या १८६४ च्या पुस्तकात कोरडी माशी टाकण्याचा प्रसंग दिलाच आहे. गॉर्डनने शोध लावला असे म्हणण्यापेक्षा, परक्या मातीतले रोप आणून ते आपल्या मातीत जगवले असे म्हणावे. जगवणेही काही कमी नाही.

१ मे १९१५ रोजी (तारीख आपल्या महाराष्ट्र दिनाची) ब्रॅडलीच्या त्या घरात गॉर्डन वारला. बाहेर त्याच्या माशीच्या किड्यांचाच हंगाम होता. त्याला न्यूयॉर्क शहरात, मार्बल सिमेटरी या जुन्या दफनभूमीत पुरले. नदी मागे राहिली. त्याचे लेख आणि पत्रे नियतकालिकांत आणि मित्रांच्या कपाटांत विखुरलेली होती. ती जॉन मॅकडोनल्ड यांनी गोळा करून १९४७ साली एका जाड ग्रंथात छापली, तेव्हा कुठे गॉर्डनला पुस्तक मिळाले. मृत्यूनंतर ३२ वर्षांनी.

येथे चरित्र संपायला हवे. परंतु मी लिहायला बसलो ते पुढच्या भागासाठी.

न्यूयॉर्क शहराची तहान वाढत होती. डेलावेअरच्या खोऱ्यातले पाणी शहराला न्यायचे ठरले. खालच्या राज्यांनी तक्रार केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९३१ साली निकाल झाला, आणि १९५४ साली त्यात दुरुस्ती झाली. आपल्याकडच्या कृष्णेच्या पाणीतंट्यासारखेच हे. नेव्हरसिंक नदीवर १९४१ साली धरणाचे काम सुरू झाले, महायुद्धात ते थांबले, आणि १९५३ साली पूर्ण झाले. नेव्हरसिंक गाव आणि बिटरस्वीट नावाची वस्ती पाण्याखाली गेली. गॉर्डन राहत होता ते घर, तो ज्या पाण्यात उभा राही ते डोह, सगळे बुडाले. एडवर्ड हेविट नावाच्या दुसऱ्या प्रसिद्ध मासेमाराच्या मालकीच्या नदीपात्राचा मोठा भागही गेला. तो श्रीमंत होता, पण पाण्याने गरीब-श्रीमंत पाहिले नाही. आता जलाशयातले पाणी सुमारे १० किलोमीटरच्या बोगद्याने राँडाउट जलाशयात आणि तेथून मोठ्या जलबोगद्याने शहरात जाते. डेलावेअर खोऱ्याच्या या योजनेतून न्यूयॉर्कला सुमारे निम्मे पाणी मिळते.

आमचे गावही धरणात गेले आहे. आबा तेव्हा माझ्याच वयाचे होते. पुनर्वसनात मिळालेली जमीन मुरमाड निघाली, म्हणून आबांनी गळ हाती धरला. ज्या पाण्याने घर बुडवले त्याच पाण्यातले मासे विकून त्यांनी माझ्या वडिलांना वाढवले. कडक उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या देवळाचा कळस वर येतो. तेव्हा आबा होडीतून मला आमचे घर कोठे होते ते दाखवतात. ग्रंथालयात नद्यांवरचे एक इंग्रजी पुस्तक चाळताना, धरणाखाली गेलेल्या घराचा उल्लेख वाचून मी थबकलो. शब्दकोश घेऊन ते प्रकरण पुरे केले. गॉर्डनची आणि माझी ओळख झाली ती अशी.

पण त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, आणि तिने मला गोंधळात टाकले. ट्राउटला सुमारे २० अंशांच्या वर पाणी गेले की त्रास होऊ लागतो. खोल जलाशयात थंड पाणी जड असल्याने तळाशी राहते. धरणाच्या खालच्या दारांतून ते सोडले, तर खालची नदी भर उन्हाळ्यातही थंड राहते. नेव्हरसिंकचे तसेच झाले. धरणाखाली तपकिरी ट्राउट टिकला, नदीतच जन्मलेला, रानटी. अर्थात पाणी सोडले तरच! पहिली कित्येक वर्षे खाली सोडले जाणारे पाणी तुटपुंजे असे, कधी एकदम वाढे, कधी एकदम तुटे. शहराला एक थेंबही वाया घालवायचा नव्हता. मासेमार मंडळींनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यांत गॉर्डनच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या संघाचाही भाग होता. अखेर १९७६ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून, जलाशयांतून नदीसाठी किती पाणी सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्या पर्यावरण खात्याकडे घेतला. म्हणजे ज्या धरणाने गॉर्डनचे घर बुडवले, त्याच धरणाच्या पाण्यावर आज त्याचा मासा जगतो, आणि ते पाणी मिळावे म्हणून त्याच्याच नावाची माणसे भांडली.

हे चांगले झाले की वाईट, हे मला ठरवता आले नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना सगळी हकिकत सांगितली. ते जाळे विणत बसले होते. क्षयाचे ऐकून ते हळहळले. मोरपिसाची माशी कशी बांधतात ते त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि गांडूळ फुकट मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असा शेराही मारला. धरणाचे ऐकल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारले. त्या बुडालेल्या गावातल्या लोकांना जमीन कुठे दिली, आणि ती कशी निघाली?

पुस्तकात ते दिलेले नव्हते. मी दुसरे पुस्तक शोधतो आहे.